सबमीटर

बिल आलं तेव्हा आधी नाव पाहिलं,
आमचंच आहे का म्हणून.
आमचंच होतं.
डोमाजी सुखदेव निखारे, तांडापेठ.
माणूस जाऊन चार वर्षं झाली,
वीज अजून त्यांच्याच नावानं येते
आणि यंदा चार हजार आठशे साठ मागते.

मागच्या मे महिन्यात तीन हजार सहाशे होते.
कूलर तोच.
पाणी कमी झालं की खोकणारा टिल्लू पंप तोच.
ताट्यांमधली घाससुद्धा मागच्या सालची,
उलटी करून बसवलेली.
मग कागद उभा-आडवा वाचला:
स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार.
एवढे सगळे आकार
आणि एकालाही हात लावून म्हणता येत नाही
की हा बाप्पा मी वापरला.

"तीनशेच्या वर गेलं ना काकू, की दर बदलते,"
शेजारचा प्रज्योत म्हणाला.
"तुमचे तीनशे अठ्ठावीस.
हे वरचे अठ्ठावीस महागात पडून राहिले."

अठ्ठावीस.
मी लगेच वर पाहिलं.
वर म्हणजे वरच्या खोलीकडे, टिनाखाली,
जिथं कांता उईके राहते, देवरीकडची,
मेडिकलला रात्रपाळी करते, दिवसा झोपते.
शेहेचाळीस डिग्रीत दुपारी झोपणारी बाई
कूलर लावल्याशिवाय झोपेल काय?
रात्रभर मी भांडण वाटत बसले,
पाट्यावर मिरची वाटावी तसं,
बारीक.

सकाळी चष्मा पुसून जिन्याखाली गेले.
मागचा आकडा भिंतीवर खडूनं लिहिला होता.
आताच्यातून तो वजा केला.
पुन्हा केला.
एकोणीस.
अख्ख्या महिन्याचे एकोणीस युनिट.
म्हणजे एक पंखा, एक बल्ब, एक मोबाईल.
बाकीचे तीनशे नऊ माझे,
फ्रिजचे, कूलरचे,
आणि रात्री एकटं वाटते म्हणून
आवाज बंद करून चालू ठेवलेल्या टीव्हीचे.

दुपारी दोन वाजता वर गेले.
नवतपाचा तिसरा दिवस. जिन्याचा कठडा हाताला धरवेना.
ती फरशीवर, ओल्या चादरीत,
उशाशी बादली.
तिचा कूलर कोपऱ्यात उभा, टाकी कोरडी,
टाकीत कांदे पसरून ठेवलेले.
"काहून वं, लावला नाही कूलर?"
डोळे न उघडता म्हणाली,
"तुम्हीच म्हटलं होतं ना काकू, मागच्या साली,
जपून वापर."
म्हटलं होतं.
कोणत्या आवाजात म्हटलं होतं, तेही आठवलं.

गच्चीवर थोडा वेळ उभी राहिले.
उत्तरेकडे कोराडीच्या चिमण्या दिसतात.
माझ्या माहेरी चिमणी म्हणजे घासलेटचा दिवा,
त्याची काच राखेनं घासायची मी.
ह्या चिमण्यांची राख नणंदेच्या वाळवणावर पडते,
ती कोराडीतच राहते,
पापड झटकून झटकून डब्यात भरते.
बिल तिलाही येते.
राखेची सूट कुठं लिहिलेली नाही,
तिनं मागूनपुढून पाहिलं.

त्या दिवसापासून कांता दुपारी खाली झोपते,
माझ्या कूलरसमोर, चटईवर.
मी रात्री गच्चीवर. टीव्ही बंद.
झोपेत ती बोलते:
बेड अकरा, सलाईन संपली, बेड अकरा.
पहिले दोन दिवस दचकले,
आता मी हळूच म्हणते, बदलली वं, झोप.

जूनचं बिल आलं. तीनशे चार.
"थोडक्यात हुकलं काकू," प्रज्योत म्हणाला.
ती झोपली होती.
मी टिल्लूचं बटण बंद केलं,
पंखा तसाच राहू दिला
आणि माठातलं पाणी तांब्यानं
ताट्यांवर ओतत बसले,
एकेक तांब्या,
ती उठेपर्यंत.